आधीं रेघ, मागून कारण

माझा भाचा चित्रकलेच्या एका संस्थेंत शिकतो. चित्रपट आणि संगणकावरील खेळ यांच्यासाठीं जीं पूर्वचित्रें काढावीं लागतात, ज्यांस त्या धंद्यांत 'कन्सेप्ट आर्ट' म्हणतात, तो त्याचा अभ्यासविषय. एखादा प्राणी, एखादें शहर अथवा यंत्र जगांत कोठेंच नसतांना तें कसें दिसेल हें आधीं कागदावर ठरवावयाचें, आणि मग मूर्तिकार, वेषकार व संगणकावर काम करणारे यांनीं त्यावरहुकूम तें घडवावयाचें, असा हा व्यवसाय आहे. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठीं त्यानें एक यंत्रमानव काढला. कल्पना अशी कीं, रुग्णालयाच्या एका मोठ्या वॉर्डांत हा यंत्रमानव रात्रपाळीला फिरतो, कोणाला पाणी देतो, कोणाची कूस बदलतो, कोणी धडपडत उठला तर त्याला सांवरतो. चित्र मला आवडलें. डोळ्यांच्या जागीं एकच मोठा दिवा, हातांना तीन तीन बोटें, पावलें रुंद आणि जड, आणि मान किंचित् पुढें वांकलेली. या वांकलेल्या मानेमुळें तें यंत्र कोणाचें तरी बोलणें ऐकत आहे असा भास होत होता.

परंतु परीक्षेला नुसतें चित्र पुरत नव्हतें. चित्राबरोबर एक तक्ता भरून द्यावयाचा होता. त्यांत डावीकडे आपण केलेली निवड आणि उजवीकडे त्या निवडीमागील सिद्धांत लिहावयाचा होता. भाचा तो तक्ता घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, तुमच्याकडे इतकीं पुस्तकें आहेत. माझ्या यंत्रमानवाला चांगलेसे सिद्धांत काढून द्या."

"मान कां वांकविलीस?" मीं विचारलें.

"हात तसा गेला."

"आणि बोटें तीनच कां?"

"चार काढून पाहिलीं होतीं. बरीं दिसेनात."

मला हसूं आलें. पण मीं त्याला मदत केली, हें येथेंच कबूल करून टाकतों. दोन संध्याकाळीं आम्ही बसलों, आणि सिद्धांतांना जगांत तोटा नाहीं हें मला कळलें. गोल डोक्याला आम्हांला कोलर सांपडला. या जर्मन मानसशास्त्रज्ञानें 1929 सालीं दोन निरर्थक शब्द आणि दोन निरर्थक आकृति लोकांपुढें ठेवून असें दाखविलें होतें कीं, 'टाकेटे' हा शब्द बहुतेकांना कोनदार आकृतीचा वाटतो आणि 'बालुमा' गोलाईच्या आकृतीचा. म्हणजे आकारालाच कांहीं स्वभाव असतो. जड पावलांसाठीं शिकागोचा वास्तुविशारद सलिव्हन धांवून आला. वस्तूचें रूप तिच्या कार्यावरून ठरतें हें त्याचें 1896 सालचें तत्त्व आतां इतकें सर्वतोमुखीं झालें आहे कीं, तें सांगणाऱ्याच्या स्वतःच्या इमारती नाजुक वेलबुट्टीनें नटलेल्या आहेत ही गोष्ट कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. चेहरा कां नाहीं, याचें उत्तर तर तयारच होतें. त्याविषयीं पुढें लिहितों. तक्ता भरला.

मग मला एक दुष्ट बुद्धि सुचली. मीं म्हटलें, "समज, तूं मान सरळ काढली असतीस, तर?" पांच मिनिटांत आम्हीं सरळ मानेचाही सिद्धांत काढला. उभी रेघ स्थैर्य सुचविते, आणि रुग्णाला आधाराचा विश्वास वाटावयाचा तर स्थैर्यच हवें. बोटें पांच असतीं तर? तर यंत्र मनुष्याच्या जवळ येतें. पावलें बारीक असतीं तर? तर झोपलेल्यांची झोंप मोडत नाहीं. भाचा खदखदां हसला, आणि नंतर गप्प झाला. दोन्ही पक्षांचें वकीलपत्र एकाच दिवशीं घेणाऱ्या वकिलाकडे पाहून पक्षकाराला जें वाटावें तें त्याला वाटलें असावें.

हा प्रश्न परीक्षेच्या एका तक्त्यापुरता असता तर वाचकांना त्याची तोशीस दिली नसती. पण निर्णय आधीं आणि कारण मागून ही रीत आपल्या घरोघरीं आहे. मुलगी मनांतून पसंत नसली म्हणजे पत्रिका जुळत नाहीं. आणि पसंत असली म्हणजे तीच पत्रिका दुसऱ्या जोशाकडे नेली असतां जुळते. येथें खोटें कोण बोलतो? जोशी तर नाहींच. त्याचें गणित दोन्ही वेळां शास्त्राप्रमाणेंच असतें. तेव्हां प्रश्न असा कीं, मनानें जें आधींच करून टाकलें त्याला मागाहून शोधलेलें कारण चिकटविणें हें असत्य आहे काय? आणि असेल तर नेमकें कोणत्या ठिकाणीं?

यंत्रमानवाच्या रूपाचा इतिहास पाहिला तर त्यांत सिद्धांत फारच थोड्या ठिकाणीं आधीं आलेला दिसतो. 'रोबो' हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 सालच्या नाटकानें. शब्द सुचविला त्याचा भाऊ योसेफ यानें, आणि त्याचें मूळ वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दांत आहे. पण या नाटकांतले रोबो धातूचे नव्हतेच. ते रसायनापासून बनविलेल्या कृत्रिम मांसाचे, दिसावयास हुबेहूब माणसासारखे. मग लोखंडी अंगाचा यंत्रमानव आपल्या डोळ्यांपुढें आला कोठून? पुष्कळ अंशीं तो 1927 सालच्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन चित्रपटांतून आला. त्यांतली यंत्रस्त्री वाल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ या शिल्पकारानें घडविली. आधीं तांब्याचा पत्रा ठोकून ती करावी असा विचार होता. पण तो पोशाख घालून नटीला हालचाल करतां आली नसती. इतक्यांत लांकडाच्या भुशासारखा एक लवचिक लगदा, जो वाळला कीं लांकडासारखा कठीण होतो, शिल्पकाराच्या हातीं योगायोगानें आला. नटीच्या अंगाचा प्लास्टरचा सांचा घेऊन त्यावर तो लगदा थापला, कापला, घांसला आणि वर रुपेरी रंग दिला. त्या मूर्तीच्या अंगावरील ज्या रेषांना आज विद्यार्थी यंत्रयुगाचें सौंदर्यशास्त्र म्हणून अभ्यासतात, त्यांतल्या कित्येकांचें कारण शोधूं गेल्यास हा लगदाच सांपडेल.

पुढें पन्नास वर्षांनीं, 1977 सालच्या 'स्टार वॉर्स'मध्यें सोनेरी अंगाचा एक यंत्रमानव आला. त्याचें पूर्वचित्र राल्फ मॅक्वॉरी या चित्रकारानें 1975 च्या सुमारास काढलें होतें. हा गृहस्थ पूर्वीं बोइंग या विमानांच्या कारखान्यांत यंत्रांचीं तांत्रिक चित्रें काढीत असे. दिग्दर्शकानें त्याच्यापुढें 'मेट्रोपोलिस'मधील यंत्रस्त्रीचा नमुना ठेवला होता, आणि पहिल्या चित्रांत तें साम्य स्पष्ट दिसतें. म्हणजे एका आकृतीचें कारण दुसरी आकृति, आणि त्या दुसरीचें कारण एक लगदा. असें असून त्या चित्राचा प्रभाव पाहा. ज्या नटाला ही भूमिका देऊं केली होती त्या अँथनी डॅनियल्सला यंत्राचें सोंग घेण्याची मुळींच हौस नव्हती; पण वाळवंटांत उभ्या असलेल्या त्या आकृतीच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचें मन विरघळलें, असें त्यानेंच पुढें अनेकदां सांगितलें आहे. त्या चेहऱ्यानें त्याला जिंकलें तेव्हां शेजारीं सिद्धांतांचा तक्ता लावलेला नव्हता.

यावरून कोणी म्हणेल कीं सिद्धांत फोल, हात खरा. हें म्हणणें कानाला गोड लागतें. म्हणूनच तें सावधपणें घ्यावें. होंडा कंपनीचे यंत्रमानव पाहा. 1996 सालचा त्यांचा यंत्रमानव 182 सेंटिमीटर उंच आणि 210 किलो वजनाचा होता. तो चालत असे, जिना चढत असे. पण असला अगडबंब प्राणी घरांत वावरूं लागला तर घरच्या माणसांनीं जावें कोठें? चार वर्षांनीं, 2000 सालीं, 'असिमो' आला तो 120 सेंटिमीटरांचा. दाराची मूठ आणि दिव्याचें बटण हाताला यावें, टेबलावर काम करतां यावें आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशीं त्याचे डोळे जुळावे, हा हिशेब त्या उंचीमागें होता. कंपनीनें पुढें, 2022 सालीं, त्याला निवृत्त केलें. तरी हें उदाहरण मला मोलाचें वाटतें. या ठिकाणीं कारणाच्या हातीं अधिकार होता. दिव्याचें बटण आणखी वर असतें तर असिमो आणखी उंच झाला असता. त्याचा तो अंतराळवीरासारखा पांढरा चेहरामोहरा मात्र बटणावरून निघत नाहीं, हेंही खरें.

आतां बिनचेहऱ्याच्या डोक्याचें तयार उत्तर. तोक्यो येथील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनीं 1970 सालीं एक छोटा निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, यंत्र जसजसें मनुष्यासारखें दिसूं लागतें तसतशी त्याच्याविषयींची आपुलकी वाढत जाते. पण साम्य अगदीं जवळ आलें कीं ती आपुलकी एकाएकीं कोसळते आणि तिच्या जागीं शिसारी येते. आलेखांतल्या या खोल खळग्याला त्यांनीं दरी म्हटलें. कृत्रिम हात दुरून खरा वाटतो. पण हातांत घेतला कीं त्याचा निर्जीव थंडपणा अंगावर कांटा आणतो, हें त्यांचें उदाहरण. आज यंत्रमानव काढणारा प्रत्येक विद्यार्थी ही दरी आपल्या तक्त्यांत लिहितो, आम्हींही लिहिली. पण मूळ निबंध मीं पुन्हां वाचला तेव्हां दोन गोष्टी लक्षांत आल्या. एक तर तो आलेख मोजमापांवरून काढलेला नाहीं; एका चतुर आणि अनुभवी माणसाचा तो तर्क आहे. पुढें अनेकांनीं त्याची कसोटी घेतली आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहींत. दुसरें असें कीं, मोरी हे समर्थन पुरवीत नव्हते, ते मनाई करीत होते. दरीच्या अलीकडेच थांबा, हुबेहूबपणाच्या मोहांत पडूं नका, असें ते कारागिरांना सांगत होते. आणि हुबेहूब रबरी हातापेक्षां बुद्धाच्या मूर्ति घडविणाऱ्या कारागिरानें कोरलेला लांकडी हात त्यांना अधिक पसंत होता. मनाई करणाऱ्याला आम्हीं साक्षीदार करून उभा केला होता.

मागून कारण देण्याच्या कलेंत सर्वांत मोठा पराक्रम अमेरिकन कवि पो याचा. त्याची कावळ्यावरची कविता 1845 सालीं गाजली. पुढच्याच वर्षीं त्यानें निबंध लिहून ती कविता आपण भूमितीतल्या कृत्याप्रमाणें पायरी पायरीनें कशी सोडविली तें सांगितलें. लांबी आधीं ठरविली, मग भाव, मग पालुपदाचे स्वर, आणि पक्षी त्यानंतर. तोही आधीं पोपट असावयाचा होता. हा निबंध वाचतांना मौज वाटते; विश्वास बसत नाहीं. आपल्याकडील अलंकारशास्त्रानें या बाबतींत अधिक प्रामाणिक वाट धरली. आधीं लक्ष्य, मग लक्षण. काव्यें झालीं, मग त्यांतून नियम काढले, आणि हा क्रम कोणी लपविला नाहीं. कवीच्या ठिकाणीं प्रतिभा मानली आणि ती कोठून येते याचा हिशेब त्याच्याकडे मागितला नाहीं.

पण हिशेब मागितला तरी तो देतां येतो काय? 1977 सालीं निस्बेट आणि विल्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानांत येणाऱ्यांपुढें बायकांच्या मोज्यांचे चार जोड ओळीनें मांडले, आणि सर्वांत चांगला कोणता तें विचारलें. चारही जोड तंतोतंत एकच होते. लोकांनीं मोठ्या संख्येनें अगदीं उजवीकडचा निवडला. कां, असें विचारतां कोणी वीण सांगितली, कोणी पोत; जागेचें नांव कोणीं काढलें नाहीं, आणि जागेमुळें तर नव्हे ना असें सुचवितांच बहुतेकांनीं विचारणाऱ्याकडे चमत्कारिक नजरेनें पाहिलें. त्या माणसांना खोटारडे म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्याच मनाचें कारण त्यांना ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं हेंही ठाऊक नव्हतें. तेव्हां 'तुझें खरें कारण सांग' ही मागणीच कित्येकदां पुरी होण्याजोगी नसते.

तत्त्ववेत्त्यांनीं यांतून एक वाट काढली आहे. राइखेनबाख यानें 1938 सालीं असें प्रतिपादन केलें कीं, विचार कसा सुचला हा एक प्रश्न आणि तो टिकतो कां हा निराळा प्रश्न. केकुले या रसायनशास्त्रज्ञाला बेंझिनच्या रेणूची रचना शेकोटीजवळ डुलकी घेत असतांना, स्वतःचें शेंपूट तोंडांत धरलेल्या सापाच्या रूपानें दिसली, असें तो 1890 सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, सांगतो. साप खरा असो वा नसो. ती रचना खरी असेल तर बेंझिनच्या एका हायड्रोजनाच्या जागीं दुसरा अणु घातला असतां एकच पदार्थ निघाला पाहिजे, आणि दोन हायड्रोजन बदलले तर तीनच प्रकार निघाले पाहिजेत. आणि तसेच ते निघाले. चौथा निघाला असता तर स्वप्नाची गय झाली नसती. कारण मागून आलें म्हणून तें खोटें ठरत नाहीं. ज्याला 'नाहीं' म्हणण्याची मुभाच ठेवलेली नाहीं असें कारण मात्र कारण नव्हे, तो शृंगार आहे. आमच्या तक्त्यांतली सर्व उजवी बाजू शृंगाराची होती.

हें मीं भाच्याला सांगितलें आणि त्याच्या चित्राला संकट ओढवून घेतलें. मानेपुढें आम्हीं असें लिहिलें होतें कीं, वांकलेली मान आदर व अवधान सुचविते, शिवाय दिव्याचा प्रकाश रुग्णावर पडतो. तो उठला, कोचावर उताणा निजला आणि म्हणाला, "मामा, विजेरी घ्या, कपाळाला लावा आणि माझ्यावर वांका." मीं तसें केलें. क्षणभरांत तो ओरडला, "बंद करा, बंद करा!" प्रकाश नीट त्याच्या डोळ्यांत जात होता. रात्रीं अडीच वाजतां, वेदनेंतून नुकताच डोळा लागलेल्या माणसावर हें आदराचें आणि अवधानाचें यंत्र असें वांकणार होतें. परीक्षेला तीन दिवस उरले होते. त्यानें डोक्यावरचा दिवा पुसला आणि गुडघ्याच्या खालीं, जमिनीकडे तोंड करून, दोन लहान दिवे काढले. आतां उजेड फरशीवर पडूं लागला. येणाऱ्याची चाहूल रुग्णाला लागे, पण डोळे दिपत नसत. चित्र सुधारलें यांत मला शंका नाहीं.

मात्र दिवा गेल्यावर मान वांकविण्याचें एक कारण गेलें. त्यानें ती सरळ करून पाहिली, आणि रात्रभर तशीच ठेवून सकाळीं पुन्हां वांकविली. तक्त्यांत काय लिहावयाचें? मीं म्हटलें, "आदराचें आहे तेंच राहूं दे."

"पण मामा, तें मीं मनांत धरून काढलें नव्हतें."

"कोणीं सांगावें? त्या मोज्यांच्या लोकांसारखें तुझेंही असेल. न कळत तेंच कारण असेल."

"मग 'असेल' असें लिहूं का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मनुष्याला आपलें मन कळत नाहीं हें सत्य मी त्याच्यापुढें खोट्याची सोय म्हणून ठेवीत होतों, हें मला त्या वेळीं लख्ख दिसलें, आणि भाच्यापुढें मामाला जितकी लाज वाटावी तितकी वाटली. शेवटीं त्यानें आपल्या मनानें लिहिलें: मान वांकलेली कां तें सांगतां येत नाहीं, सरळ करून पाहिली, ती या यंत्राची वाटली नाहीं, घडविणाऱ्यांनीं ती कृपा करून बदलूं नये.

परीक्षकांनीं दिव्यांची तारीफ केली, आणि मानेपुढें 'समर्थन अपुरें' असा शेरा मारून गुण कापले. एक दिवस मी रागावलों. मग वाटलें, त्यांच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. पूर्वचित्र हें भिंतीवर टांगण्यासाठीं नसतें. त्यावरून अनेक माणसें काम करणार असतात, आणि जो वेषकार ती मान घडविणार त्याला 'हात तसा गेला' एवढ्यानें कांहींच उमगत नाहीं. दुसऱ्याला धरावयास कांहीं तरी हवें म्हणूनही आपण कारणें देतों. तरी त्या शेवटच्या वाक्यांतली विनंति वेषकाराला पुरेशी झाली असती असें मला अजून वाटतें.

मध्यंतरीं तें चित्र माझ्या बहिणीनें पाहिलें. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अण्णा दवाखान्यांत होते ना, त्या शेवटच्या आठवड्यांत रात्रीं एक मावशी यायच्या. त्यांना कमी ऐकूं यायचें. अण्णा काय म्हणतात तें ऐकायला त्या अशाच वांकायच्या." भाचा तेव्हां सात वर्षांचा होता, आणि दोनतीन रात्रीं तो तेथें बाकावर झोंपला होता, हें मलाही आठवतें. मी आनंदानें त्याच्याकडे वळलों. पुनःपरीक्षणाच्या अर्जाची मुदत अद्याप गेली नव्हती. "हें लिही," मीं म्हटलें, "हें तर खरेंखुरें कारण सांपडलें."

त्यानें थोडा विचार केला. "नको," तो म्हणाला, "तें मला आठवत नाहीं."